पिवळ्या दिव्यावर काळी पट्टी

या लेखाची सुरुवात मला एका कबुलीने करायची आहे. तीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. ‘निरीक्षण करा, नोंद ठेवा, मग अनुमान काढा’ हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल त्याची गणती नाही. आणि माझ्या जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा रोज पेटू लागला, तेव्हा मीच काय केले? वायरिंगची काळी चिकटपट्टी आणली, नखाएवढा तुकडा कापला आणि दिव्यावर चिकटवून टाकला. तीन महिने ती पट्टी तेथे होती. त्या काळात वर्गात मी मुलांना तापमापीचा पारा वाचताना डोळा कोणत्या पातळीवर ठेवावा हे तळमळीने शिकवत होतो!

दिव्यावर ए. बी. एस. अशी तीन अक्षरे होती. ‘अँटी-लॉक ब्रेक सिस्टिम’ असे त्या यंत्रणेचे पूर्ण नाव; चाक जागच्या जागी गच्च अडकू न देणारी ब्रेकव्यवस्था, असा त्याचा सरळ अर्थ. गाडी चालते, ब्रेक लागतात, मग या दिव्याचे एवढे काय मनावर घ्यायचे, असा माझा हिशेब होता. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या गाडीतही असा एखादा दिवा पेटलेला असेल आणि घरातले कोणी ‘तो असाच पेटतो, लक्ष देऊ नकोस’ असे म्हणतही असेल. तेव्हा हा हिशेब कोठे चुकतो ते आधी पाहू.

विरार लोकलने रोज प्रवास करणाऱ्यांना एक आवाज चांगला परिचयाचा आहे. डब्याखालून ‘ठक ठक ठक’ ऐकू येते. गाडीचा वेग वाढला की ठोक्यांचा वेगही वाढतो. रुळांच्या सांध्यांचा हा आवाज नव्हे. ब्रेक लागताना ते चाक कधी तरी फिरायचे थांबले आणि गाडी मात्र पुढे जात राहिली. मग चाक रुळावरून घसरत गेले, एकाच जागी घासले आणि तेवढ्या भागात सपाट झाले. आता प्रत्येक फेऱ्याला तो सपाट भाग रुळावर आपटतो. लोखंडी चाकाने आपल्या अंगावर लिहून ठेवलेली ती नोंदच आहे म्हणा ना. रबरी टायरही असाच घसरतो, पण त्याची नोंद रस्त्यावर काळ्या पट्ट्याच्या रूपाने राहते आणि पावसाळ्यात तर तीही राहत नाही.

फिरते चाक आणि घसरते चाक यांत फरक काय? फिरणाऱ्या चाकाचा जो बिंदू रस्त्याला टेकलेला असतो, तो त्या क्षणी रस्त्याच्या दृष्टीने स्थिर असतो. हे वाक्य दोनदा वाचा. पहिल्यांदा ते खोटे वाटते. चाक अडकले की तोच बिंदू रस्त्यावरून सरपटू लागतो, आणि सरपटताना मिळणारे घर्षण हे स्थिर पकडीच्या कमाल घर्षणापेक्षा कमी असते. समजा, ओल्या रस्त्यावर चांगल्या पकडीचा घर्षणांक ०.५ आहे आणि घसरताना तो ०.४ वर येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी पहिल्या स्थितीत सुमारे २८ मीटरमध्ये थांबेल, दुसऱ्या स्थितीत सुमारे ३५ मीटर लागतील. सात मीटर म्हणजे एक आख्खा टेंपो! (वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले घर्षणांक गुणिले गुरुत्वत्वरण, हिशेब करून पाहा.) याहून मोठी अडचण पुढेच आहे. पुढची चाके अडकली असली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी वळत नाही. वळण्यासाठी चाकाने रस्ता आडवा धरून ठेवावा लागतो आणि घसरणारे चाक काहीच धरत नाही.

ए. बी. एस. नेमकी ही अवस्था टाळते. चारही चाकांचा वेग ती सतत मोजत असते. ब्रेक दाबल्यावर एखाद्या चाकाचा वेग बाकीच्यांच्या मानाने एकदम कोसळू लागला, तर त्या चाकाच्या ब्रेकचा दाब ती क्षणभर सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हे घडते. म्हणूनच अशा वेळी पायाखालचे पेडल थरथरते. विमानांच्या चाकांसाठी असे यांत्रिक ब्रेक १९५० नंतरच्या दशकात आले होते. मोटारींसाठी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था जर्मनीतील बॉश कंपनीने १९७८ मध्ये मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांत आणली. आपल्या देशात १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या दुचाकींनाही ती सक्तीची झाली. ती जादू नाही, हेही सांगितले पाहिजे. सुट्या खडीवर किंवा वाळूवर ए. बी. एस. असलेली गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेऊ शकते. अर्नाळ्याच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाळूभरल्या रस्त्यावर तिच्या भरवशावर राहू नये.

आता तो पिवळा दिवा काय म्हणतो ते नीट ऐका. ‘मला माझ्या मोजमापाचा भरवसा वाटत नाही, म्हणून मी बाजूला होतो. साधे ब्रेक तुमच्या पायाखाली आहेत. बाकीचे तुम्ही सांभाळा.’ प्रयोगवहीत हवे ते आकडे घुसडणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांपेक्षा हे यंत्र प्रामाणिक म्हणायचे. आणि मी त्याच्या तोंडावर पट्टी चिकटवली होती.

जून महिन्यातल्या पहिल्या मोठ्या सरीत त्याची किंमत कळली. एका विज्ञान प्रदर्शनाहून परत येत होतो. मागच्या बाकावर नववीतील दोन मुले, मांडीवर पुठ्ठ्याचे धरणाचे मॉडेल. वसई फाटा सोडून महामार्गाने विरार फाट्याकडे निघालो होतो. रस्त्यावर पहिल्या पावसाचे पाणी आणि उन्हाळाभर सांडलेले तेल यांचा राडा झाला होता. पुढचा टेंपो एकदम थांबला. मी ब्रेक दाबला, चाके अडकली आणि गाडी साबणाच्या वडीसारखी सरळ पुढे निघाली. मी स्टिअरिंग डावीकडे पुरते फिरवले होते, तरी ती सरळच जात होती. ते दोन-तीन सेकंद मला आजही मोजून दाखवता येतील. टेंपोच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. पुठ्ठ्याचे धरण फुटले, दुसरे काही झाले नाही. मुले हसायला लागली. मला मात्र हसू आले नाही, कारण ए. बी. एस. बंद आहे हे गाडीने मला तीन महिने आधी सांगितले होते आणि गाडीत बसलेल्या त्या दोघांना मी ते कळू दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि गॅरेजच्या वाऱ्या सुरू झाल्या. पहिल्या ठिकाणी सल्ला मिळाला, ‘सर, बल्बच काढून टाकू, कटकट नको.’ म्हणजे माझीच युक्ती, फक्त जरा सफाईदार! दुसऱ्या ठिकाणी ए. बी. एस.चा सगळा मुख्य संचच बदलावा लागेल असे सांगितले. खर्च तीस हजारांच्या घरात. गाडीचीच किंमत त्याच्या दुप्पट-तिप्पट नव्हती. तिसऱ्या ठिकाणी गाडीला स्कॅनर जोडला. (हल्ली मोबाईलला जोडायचे स्वस्त वाचक मिळतात, त्यांतले बरेचसे फक्त इंजिनाचे दोष वाचतात, ब्रेकचे वाचत नाहीत, हे विकत घेण्यापूर्वी ध्यानात ठेवा.) स्कॅनरवर उमटले, ‘पुढचे डावे चाक, वेगसंवेदक परिपथ’. संवेदक म्हणजे गॅरेजच्या भाषेत सेन्सर. लगेच नवा सेन्सर बसला, दोष पुसला, दिवा विझला, पैसे दिले. चौथ्या दिवशी दिवा परत पेटला.

माझ्या मते चूक येथे झाली, आणि ती फक्त गॅरेजची नव्हे. यंत्राने ‘परिपथ’ म्हटले होते, आम्ही ‘सेन्सर’ ऐकले. परिपथात सेन्सर असतो, त्याच्यासमोर फिरणारे दातेरी कडे असते, दोघांमधील फट असते, जोडणीची खोबणी असते, चाकाबरोबर वाकणारी-वळणारी वायर असते आणि शेवटी ते सगळे ऐकणारा नियंत्रक असतो. टेलिफोनवर पलीकडचा आवाज येईना तर आपण लगेच पलीकडच्या माणसाला मुका ठरवत नाही! स्कॅनर पत्ता सांगतो. त्या घरात नेमके काय बिघडले आहे, ते मोजून शोधावे लागते. ‘भाग बदलून बघू’ या पद्धतीला पुष्कळ लोक निदान म्हणतात. ते निदान नव्हे, सोडत आहे, आणि तिकिटाचे पैसे गाडीच्या मालकाने भरायचे असतात.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. पाटीएवढी वही गाडीत ठेवली. गाडी कधी सुरू केली, दिवा कधी पेटला, वेग किती होता, ऊन की पाऊस, रस्ता सरळ की वळणाचा, एवढेच लिहायचे. आठवडाभरात वहीने बोलायला सुरुवात केली. चावी फिरवली की दिवा पेटे आणि तीनेक सेकंदांनी विझे. म्हणजे गाडीच्या स्वतःच्या सुरुवातीच्या तपासणीत काही खोट निघत नव्हती. पहाटे रिकाम्या रस्त्याने निघून थेट महामार्ग गाठला तर चाळीस मिनिटे दिवा पेटत नसे. पण आगाशीच्या नाक्यावर किंवा विरार स्टेशनच्या गर्दीत, गाडी थांबता थांबता, वेग ताशी आठ-दहा किलोमीटरवर आला की कोरड्या रस्त्यावरसुद्धा पेडल थरथरे, आणि थोड्याच वेळात दिवा पेटून तसाच राही. हे थरथरणे पट्टी लावण्यापूर्वीही होत होते. तेव्हा मी ते गाडीच्या वयाच्या खात्यावर मांडले होते.

कमी वेगाला दोष दिसतो, जास्त वेगाला नाही. असे का व्हावे? येथे तुमचे विज्ञानाचे पुस्तक उघडा. त्या गाडीतील सेन्सर म्हणजे एक लहान चुंबक आणि त्याच्याभोवती बारीक तारेचे वेटोळे, बस्स. समोर लोखंडी दातेरी कडे चाकाबरोबर फिरते. दाता समोर आला की चुंबकीय क्षेत्र वाढते, खाच आली की कमी होते, आणि बदलत्या क्षेत्रामुळे वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. कड्याला ४४ दाते आणि चाकाचा घेर १.८ मीटर धरा. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने चाकाचे साडेपाच फेरे होतात आणि सेकंदाला सुमारे २४४ स्पंद मिळतात. ताशी ९ किलोमीटरला फक्त ६१. शिवाय क्षेत्र जितके सावकाश बदलेल तितका निर्माण होणारा दाबही कमी. म्हणजे वेग कमी झाला की स्पंद विरळ होतात आणि दुबळेही. काही खोट असेल तर ती येथे आधी उघडी पडणार. भरधाव असताना नियंत्रक एका दमात पुष्कळ दात्यांची सरासरी घेतो, त्यात एखादा वेडावाकडा दाता खपून जातो. सावकाश चालताना तोच एक दाता सगळा हिशेब बिघडवतो.

वही घेऊन मी गोखिवऱ्याच्या बाजूला एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी वही पूर्ण वाचली. गॅरेजमध्ये कोणी काही वाचताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग म्हणाले, ‘‘सर, सेन्सर बदललात, पण सेन्सर ज्याच्याकडे बघतो ते कोणी बघितलं का?’’

तरी त्यांनी लगेच तिकडे हात घातला नाही. आधी बॅटरी आणि तिची जमिनीची जोडणी पाहिली, कारण दाब कमी पडला तरी हा दिवा पेटतो. चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, तेही पाहिले. एका चाकाचा घेर निराळा असला तर नियंत्रकाला ते चाक उगाच वेगळ्या चालीने फिरताना दिसते. मग सेन्सरची जोडणी सोडवून मल्टिमीटरने रोध मोजला. डावीकडे सुमारे ११०० ओहम. हा आकडा बरोबर की चूक? मी खिशातून फोन काढू लागलो, तोवर ते गाडीला वळसा घालून उजवीकडे गेले आणि तिकडचा मोजला. तोही ११०० च्या आसपास. प्रयोगात तुलनेसाठी एक न बिघडलेला नमुना ठेवावा असे आपण शिकवतो. मोटारीला तो फुकट मिळतो, दुसऱ्या बाजूला! माझा जुना, काढून टाकलेला सेन्सर डिकीत पडला होता. तोही मोजला. तोसुद्धा ठणठणीत निघाला. म्हणजे नव्या सेन्सरचे पैसे पाण्यात. वायर हलवत, वाकवत पुन्हा मोजले. आकडा जागचा हलला नाही. आत तुटलेल्या वायरचा दोष पुष्कळदा वळणावरच दिसतो, आणि माझ्या वहीत वळणाचा काही संबंध नव्हता, हे त्यांना वाचूनच ठाऊक होते.

आता गाडी जॅकवर आणि भक्कम घोड्यांवर चढली, चाक निघाले. मिस्त्रींनी विजेरीच्या उजेडात ॲक्सलवरचे कडे हाताने सावकाश फिरवत दाता न् दाता पाहिला. अर्ध्याहून जास्त फेरा झाल्यावर ते थांबले. दोन दात्यांच्या मधल्या खाचेत केसासारखी चीर होती आणि त्या ठिकाणी कड्याखालून तपकिरी गंज फुगून वर आला होता. खाच इतर खाचांपेक्षा रुंद झाली होती. दर फेऱ्याला एकदा ती रुंद खाच सेन्सरसमोर येई, पुढचा स्पंद उशिरा पोचे आणि नियंत्रकाला वाटे, चाक अडकू लागले! तो इमानदारीने ब्रेकचा दाब सोडी; म्हणून कोरड्या रस्त्यावर थरथर. हे काही वेळा झाले की त्यालाच आपल्या आकड्यांचा संशय येई आणि तो दिवा लावून बाजूला होई.

गंजाने लोखंडाचे कडे कसे तडकले? लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. घट्ट बसवलेल्या कड्याखाली हा फुगवटा वर्षानुवर्षे रेटत राहिला तर कडे फुटणारच. जुन्या इमारतीच्या सळ्या गंजून सिमेंटचे पापुद्रे पडतात तोच हा प्रकार. आणि आमचा मुलूख गंजाचे माहेरघर. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची; मध्ये मिठागरे. हवेतल्या ओलाव्यात मीठ मिसळले की पाणी विजेला चांगले वाहक होते, आणि गंजणे ही मुळात एक विद्युतरासायनिक क्रिया असल्यामुळे तिला जोर चढतो. त्यात २०१८ च्या जुलैमध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, तेव्हा ही गाडी दोन दिवस गुडघाभर पाण्यात उभी होती. इंजिन सुकवून घेतले, बैठका उन्हात टाकल्या. चाकांच्या आत डोकवायचे कोणाला सुचले नाही. ज्या गोष्टी दिसत नाहीत त्या सुकल्या असे आपण गृहीत धरतो.

नवे कडे काही शे रुपयांत मिळाले. जुने काढून, खालचा गंज कानशीने आणि पॉलिश पेपरने खरवडून, नवे गरम करून बसवले. स्कॅनरने जुनी नोंद पुसली. सकाळी सकाळी आगाशीच्या रिकाम्या रस्त्यावर मी वीस वेळा गाडी थांबवून पाहिली. पेडल शांत, दिवा बंद.

मित्रांनो, हे वाचून पाना घेऊन वडिलांच्या गाडीखाली शिरू नका. ब्रेक हे हात साफ करण्याचे ठिकाण नाही, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कोणीच कधी जाऊ नये. नव्या गाड्यांत बहुधा वेगळ्या जातीचे, हॉल परिणामावर चालणारे सेन्सर असतात. त्यांचा रोध असा मोजून काही कळत नाही, उलट मीटर लावून ते बिघडू शकतात. आणि पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही पेटला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मुख्य ब्रेकचे तेल किंवा दाब यांतच गडबड असू शकते. गाडी जागच्या जागी उभी करून मिस्त्रीला बोलवावे. वही ठेवणे मात्र तुम्हाला आजपासून जमण्यासारखे आहे. गॅरेजमध्ये ‘दिवा पेटतो’ एवढेच सांगणारा माणूस आणि ‘ताशी दहाच्या खाली, थांबताना, कोरड्या रस्त्यावर’ असे सांगणारा माणूस, यांच्या बिलांत पुष्कळ फरक पडतो.

शिक्षकांशी मला थोडे भांडायचे आहे. मी त्यांच्यातलाच, म्हणून हक्काने. दहावीला आपण प्रवर्तन शिकवतो ते कसे? वेटोळे, पट्टीचुंबक, गॅल्व्हानोमीटर. चुंबक आत सरकवला, काटा हलला. बाहेर काढला, काटा उलटा हलला. आकृती काढा, नावे द्या, तीन गुण. मूल शाळेच्या फाटकातून बाहेर पडते आणि तेथे उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकात, ब्रेकच्या चकतीच्या आतल्या बाजूला, भोकाभोकांचे एक कडे आणि त्याच्याजवळ टेकलेले काळे बोंडूक असते. चाकाचा वेग मोजणारी जोडी ती हीच. त्याच्याजवळून रोज जाणाऱ्या मुलाला ते काय आहे हे कोणी सांगत नाही. आपण फॅरेडेला कपाटात कुलूप लावून ठेवले आहे, असे मला वाटते. तास पुरत नाहीत, अभ्यासक्रम संपवायचा असतो, ही अडचण मी जाणतो. ती सबब मी स्वतः तीस वर्षे वापरली. पण गाडीच्या दिव्यावर पट्टी लावणारा शिक्षक अशाच तासांतून तयार होतो.

एक प्रयोग सुचवतो, आमच्या शाळेत करून पाहिलेला. लोखंडी बोल्टवर मुलामा दिलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारभर वेढे घ्या, डोक्याकडच्या बाजूला बिघडलेल्या स्पीकरमधला चुंबक चिकटवा. सायकल उलटी उभी करून पेडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्राच्या दात्यांसमोर बोल्टचे टोक अगदी जवळ, पण न घासेल असे, धरा. तारेची टोके मीटरला जोडून उपयोग नाही. बाजारात मिळणाऱ्या साध्या मीटरवर प्रत्यावर्ती दाबाची सर्वांत लहान श्रेणी २०० व्होल्टची असते, तिच्यावर काही दिसणार नाही. ती शाळेच्या ध्वनिवर्धकाला मायक्रोफोनच्या जागी जोडा आणि पेडल फिरवा. घरघर ऐकू येईल, वेग वाढवला की सूर चढेल. आता फट कागदाच्या जाडीने वाढवत जा. आवाज कसा पडतो ते ऐका. मग वर्गातल्या एकाला, इतरांची पाठ असताना, दोन दात्यांमधल्या एका खाचेत लोखंडाचा कीस मळलेले मेण भरायला सांगा. लय कोठे अडखळते ते डोळे मिटून ओळखायचे. आमच्या मुलींनी दुसऱ्याच फेऱ्याला ओळखले. त्यांच्यातली एक म्हणाली, ‘‘सर, ही तर विरार लोकलसारखी वाजते.’’

जुनी गाडी पाहायला घरचे कोणी जात असेल तर तुम्हीही बरोबर जा. चावी फिरवताना बाकीचे लोक रंग आणि बैठका पाहत असतात. तुम्ही डॅशबोर्ड पाहा. ए. बी. एस.चा दिवा पेटून काही सेकंदांनी विझला पाहिजे. तो पेटतच नसेल तर आनंद मानू नका. कोणी तरी बल्ब काढला असण्याचा संभव आहे. काही महाभाग तर तो दुसऱ्या दिव्याला जोडून ठेवतात. मग इंजिन सुरू होताच तेलाच्या दाबाच्या दिव्याबरोबर तोही अचूक त्याच क्षणी विझतो.

माझी गाडी पुढे अर्नाळ्याच्या एका तरुणाने घेतली. त्याला दोन लहान मुले आहेत. चावी फिरवून मी त्याला दिवा पेटताना आणि विझताना दाखवला, वही हवाली केली. दिव्याच्या काचेवर चिकटपट्टीचा डिंक अजून थोडा राहिला होता. ओल्या फडक्याने घासूनही तो गेला नव्हता. त्याने बोट लावून पाहिले आणि विचारले, ‘‘सर, हे काय लागलंय?’’ मी त्याला सांगितले.